तरवडाची झोप

१

आमच्या कॉलनीत नळाला पाणी यायचं असलं की घरातलं एक तरी माणूस मागे राहतं, मग लग्न असो की मयत. आठवड्यातून एकदा, कधी त्याहून उशिरा, थोडा वेळ पाणी येतं. त्यात टाकी, हौद, पिंपं, पातेली भरायची आणि उरलं तर झाडांना घालायचं. उरत नाहीच. मुकुंदवाडी स्टेशनच्या मागे आम्ही घर बांधलं तेव्हापासून दारातला गुलाब मेला, जास्वंद मेली, आणि हौसेनं लावलेली हिरवळ तर एकाच उन्हाळ्यात दाढीच्या खुंटांसारखी झाली. माझे यजमान मधुसूदन उभा जन्म पाटबंधारे खात्यात होते. पाटबंधारेवाल्याच्या दारात झाडं तहानेनं मरतात, यावरून मी त्यांना किती बोलले असेन याचा हिशेब मलाही नाही, आणि मी तर शाळेत गणित शिकवायचे.

निवृत्तीनंतर त्यांची झोप गेली. रात्र रात्र घरभर हिंडायचे, फ्रीज उघडायचे, बंद करायचे. गोळ्या झाल्या, काढे झाले, तळपायाला तूप चोळून झालं. मग जागरणात मोबाइलवर बघता बघता त्यांना कुठल्याशा माणसाचा व्हिडिओ सापडला. आपल्या मातीतली झाडं लावा, त्यांना पाणी लागत नाही, असं तो माणूस सांगत होता. दुसऱ्या दिवशी चहाला बसतानाच जाहीर झालं, "उमा, आपण तरवड लावायचा."

"तरवड? तो काय दारात लावतात? माळावर बघावं तिकडे असतो की."

"म्हणूनच. पाणी नको, खत नको, शेळीसुद्धा तोंड लावत नाही. वर्षातले कितीतरी महिने पिवळाधमक. शिवाय नवरात्रात घटाच्या माळेला तरवडाची फुलं लागतात, ती तू गुलमंडीवरून विकत आणतेस. आता घरची होतील."

मग बी पेरा, एवढंच मी म्हणाले. पण बी पेरून वाट बघणं हा त्यांचा स्वभाव नाही. झाल्टा फाट्याच्या पुढे एका माळावर प्लॉटिंग चाललं होतं, जेसीबी जमीन सपाट करत होता. हे गेले, ड्रायव्हरला चहा पाजला आणि माझ्या खांद्याएवढं जुनं झुडूप मुरमाच्या ढेकळासकट उचलून टेम्पोत टाकून घेऊन आले. तरवडाचं मूळ खोल जातं. उपटताना ते मध्येच तुटलं, काडकन आवाज आला, असं तेच म्हणाले.

"आणि गंमत सांगू? झुडपाशेजारीच एक म्हातारा राखणदार बाजेवर झोपला होता. त्या जेसीबीचा एवढा धिंगाणा, पण बाबाजी हलले नाहीत. शेवटपर्यंत नाहीत. उमा, झोप असावी तर अशी. मला हेवा वाटला बघ."

आम्ही दोघंही हसलो.

२

मोठा तरवड उपटून लावला तर जगत नाही, हे शेजारच्या करुणानंही सांगितलं. तिचं माहेर पाचोडचं, तिला शेतातलं कळतं. मी मनातल्या मनात त्याला चार दिवस दिले होते.

पण तो कोमेजलासुद्धा नाही. एक पान गळलं नाही. फाटकाच्या आत, डाव्या हाताला, आमच्या झोपायच्या खोलीच्या खिडकीसमोर तो असा बसला, जणू घरच त्याच्यासाठी बांधलं होतं. पंधरवड्यात कळ्या आल्या. मधुसूदन येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचे.

आणि त्यांना झोप लागायला लागली.

मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! तरवडाची पानं संध्याकाळी मिटतात. चिंचेची मिटतात, टाकळ्याची मिटतात, तशीच. दिवेलागणीला समोरासमोरची बारकी पानं एकमेकांना चिकटायची आणि झुडूप एकदम रोडावल्यासारखं दिसायचं. मी तुळशीपाशी दिवा लावून आत येईपर्यंत हे सोफ्यावर डुलक्या घेत असायचे. कसंबसं जेवून पलंगावर पडले की सकाळपर्यंत गाढ. मी त्यांना चिडवायचे, कोंबड्यांबरोबर झोपायला लागलात म्हणून. पुढे दुपारीही थोडं पडायला लागले. उठले की डोळे मिटलेलेच ठेवून विचारायचे, "कोण आहे गं तिकडे?"

"मी आहे. दुसरं कोण असणार?"

हे आमचं रोजचं ठरलेलं झालं. वर्षानुवर्षं ज्या माणसाला मी जागंच पाहिलं त्याला झोपेतून उठताना बघणं मला आवडत होतं. हे मी कुणाला सांगितलं नाही, पण आवडत होतं.

३

भाद्रपदातलं ऊन. दुपारी मी ऊन दाखवायला ठेवलेल्या कुरडया उचलायला बाहेर आले आणि तरवडाकडे लक्ष गेलं. पानं मिटलेली होती.

सगळी. वरपासून खालपर्यंत. डोक्यावर सूर्य आणि झुडूप संध्याकाळसारखं रोडावलेलं. मी म्हटलं, ऊन फार झालं असेल. पाणी वाचवायला झाडं असं करतात, हे मी वाचलं होतं. समाधान झालं. कुरडया घेऊन आत गेले तर मधुसूदन घोरत होते.

डबा ठेवून पुन्हा बाहेर आले, का आले ते माहीत नाही. आत पलंग करकरला. मी झुडपाकडे बघत होते आणि माझ्या डोळ्यांदेखत पानं हलली. वारा नव्हता. जोडीजोडीनं ती एकमेकांपासून सुटली आणि सपाट झाली.

"कोण आहे गं तिकडे?" आतून हाक आली.

मी उत्तर द्यायला विसरले.

योगायोग हा शब्द मी वर्गात फार वापरलेला आहे. दोन गोष्टी एका वेळी घडल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडली असं होत नाही, हे मी नववीच्या मुलांना ओरडून ओरडून सांगायचे. तेच स्वतःला सांगितलं. तरी त्यानंतर रोज दुपारी मी खिडकीत उभी राहायचे. पाठीमागे पलंगावर हे, समोर तरवड. हे झोपले की तो मिटलेला, हे उठले की तो उघडा. एकदा त्यांना हलवून उठवायचा प्रयत्न केला. खांदा धरून गदागदा हलवलं. डोळे उघडले नाहीत. बाहेर बघितलं तर पानं घट्ट मिटलेली होती. मग ती आपणहून उघडली, आणि हे आपणहून उठले. म्हणाले, "खांदा का दुखतोय गं माझा?"

त्या दिवसापासून घरात मला स्वस्थ बसवेना. भाजी निवडायला घेतली की उठून खिडकीत, चहा ठेवला की खिडकीत. दोनदा दूध उतू गेलं.

४

माळावरचे बाकीचे तरवड दुपारी मिटतात का, एवढं बघितलं की प्रश्न सुटणार होता. सगळे मिटत असतील तर ते झाडाचंच काहीतरी आहे. घट बसायच्या आदल्या दिवशी मी भर दुपारी रिक्षा करून झाल्टा फाट्याच्या पुढे गेले.

माळ आता माळ राहिला नव्हता. चुन्याच्या रेघा, सिमेंटचे खांब, मध्ये एक कमान. कडेला मात्र तरवड होते, खूप होते, पिवळे फुललेले. एकाचंही पान मिटलेलं नव्हतं.

पत्र्याच्या एका खोलीसमोर एक बाई गवऱ्या रचत होती. पासष्टीची असेल. मी झाडांकडे बघत उभी आहे हे बघून ती जवळ आली. केसरबाई नाव सांगितलं. राखणदाराची बायको.

"तरवड नेलंत ते तुमीच का, बाई?" तिनं विचारलं. प्लॉट सोडून मी झाडंच निरखतेय, यावरून तिनं ओळखलं असावं.

"हो. माझ्या यजमानांनी नेलं."

"आमच्या मालकानं लावलेलं हाये ते. माळावर कोन झाड लावतं? पर त्यांना लई नाद. त्याच्याच बाजूला बाज टाकून निजायचे. पानं मिटली की निजायचे, उघडली की उठायचे. घड्याळ नव्हतं आमच्याकडं."

"आता कुठे आहेत ते?"

"झाड नेलं ना, त्याच दिवशी निजले ते उठलेच नाय. मी भाकरी घेऊन आले, तर तिथं नुस्ता खड्डा, आन् बाजूला हे." ती शांतपणे बोलत होती. रडत नव्हती, भांडत नव्हती. भांडली असती तर बरं झालं असतं.

बाजेवरचा म्हातारा. हेवा वाटला म्हणून सांगणारे मधुसूदन. आम्ही दोघं हसलो होतो ते.

"कसं हाये?" केसरबाईनं विचारलं. "निजतं ना नीट?"

"कोण?"

"झाड."

मी म्हटलं, निजतं. मग एकदम भरून आलं आणि मी तिचा हात धरला. "केसरबाई, आम्हाला माहीत नव्हतं हो. झाड तुमचं आहे. उद्या घट बसतायत, मग नऊ दिवस काही हलवता यायचं नाही. दसऱ्याला घट उठले की या आणि घेऊन जा."

"व्हय," ती म्हणाली. "माळंला फुलं लागतील तुमाला. घट उठले की येते."

घराची खूण सांगून रिक्षात बसले तेव्हा मला हलकं वाटत होतं. तरवड जाईल, हे पुन्हा पहिल्यासारखे रात्री फ्रीज उघडत हिंडतील, आणि तेच बरं, असं मनात येत होतं.

५

घट बसले. पत्रावळीवर काळी माती, तिच्यात धान्य, मध्ये पाण्याचा घट, कडेला अखंड दिवा. आमच्याकडे घट बसले की नऊ दिवस घराला कुलूप लागत नाही आणि मांडलेल्या घटाला कुणी धक्का लावत नाही. ज्या झाडाची माळ चढते त्याच्यावर कोयता चालवायचा नाही, असं सासूबाई सांगायच्या. मी हे सगळं पाळते. देवावर माझा विश्वास किती आहे ते मला माहीत नाही, पण पाळते.

पहिल्या माळेसाठी फुलं तोडायला गेले. एक घोस ओढला. आत मधुसूदन पेपर वाचत होते, त्यांनी डोक्याच्या मागे हात नेला. दुसरा ओढला, त्यांनी पुन्हा तिथेच चोळलं. खिडकीतून मला स्पष्ट दिसत होतं. तिसरा घोस मी ओढला नाही. त्यानंतरच्या माळा गुलमंडीवरूनच आल्या. "घरची फुलं असताना?" हे म्हणाले. मी म्हटलं, झाडावर छान दिसतात.

आता एकच प्रश्न उरला होता आणि तो मला चैन पडू देत नव्हता. हे झोपतात म्हणून तरवड मिटतो, का तरवड मिटतो म्हणून हे झोपतात? पहिलं असेल तर झाड विचित्र आहे, एवढंच. ते केसरबाईच्या माळावर जाऊन विचित्र राहील. दुसरं असेल तर मी तिला काय देऊन बसले होते?

याची परीक्षा सोपी होती. अंधार केला की अशी पानं मिटतात. एका टळटळीत दुपारी मधुसूदन पुण्याला मुलाशी, वरदशी, फोनवर बोलत बसले. वरदशी बोलायला लागले की त्यांना वेळेचं भान राहत नाही. चांगले ताजेतवाने होते, स्पीकर लावून येरझाऱ्या घालत होते. मी बाहेर गेले, स्कूटीचं जाड करडं कव्हर काढलं आणि तरवडावर टाकलं.

मग कव्हरची कड थोडी उचलून आत बघत राहिले. खिडकीतून यांचा आवाज येत होता.

आधी काहीच झालं नाही. मला हसूही आलं, करुणानं बघितलं तर काय म्हणेल म्हणून. मग आतली पानं थोडी तिरपी झाली. यांचा आवाज संथ झाला. पानं आणखी तिरपी झाली. दोन शब्दांमध्ये अंतर पडायला लागलं. येरझाऱ्या थांबल्या, खुर्ची सरकली.

"तू येशील ना... दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी... तेव्हा आईसाठी एक..."

पानाला पान चिकटलं.

"बाबा?" वरदचा आवाज. "आईसाठी काय? हॅलो? बाबा?"

मी कव्हर ओढून फेकलं. पानं लगेच उघडली नाहीत. ऊन त्यांच्यावर पडलं होतं तरी ती तशीच मिटून होती आणि मी वेड्यासारखी एकेक जोडी बोटांनी उघडायला बघत होते. "अहो, अहो," एवढंच तोंडातून येत होतं. आत वरद हाका मारत होता. आयुष्यात मी एवढी कधी घाबरले नव्हते.

किती वेळ गेला कळलं नाही. एक जोडी सुटली, मग दुसरी.

"...एक चांगली टॉर्च आण," मधुसूदन म्हणाले. "साडी नको. साड्या खूप आहेत तिच्याकडे."

६

वरदला मी फोन केला. खरं सांगितलं नाही, सांगणार तरी काय? बाबा बोलता बोलता झोपतात, एवढंच सांगितलं. त्यानं इथल्याच एका डॉक्टरची वेळ घेतली. करुणाला घटापाशी बसवून आम्ही गेलो. डॉक्टरांनी तपासून सगळं उत्तम असल्याचं सांगितलं. या वयात एवढी चांगली झोप लागते म्हणजे नशीबवान आहात, म्हणाले. मधुसूदन खूश झाले. येताना दवाखान्याच्या पायऱ्या उतरत होतो तोच आभाळ भरून आलं आणि यांना जांभया सुटल्या. घरी पोचेपर्यंत मी त्यांचा दंड सोडला नाही.

झोप आता माझी गेली होती. रोज एक माळ चढत होती आणि दसरा जवळ येत होता. तरवड द्यायचा तर पुन्हा उपटायचा. पुन्हा मूळ तुटणार. मागच्या वेळी मूळ तुटलं तेव्हा बाजेवर काय झालं ते मला ठाऊक होतं. ठेवायचा तर जन्मभर त्याची राखण करायची, ढगाळ दिवसांची धास्ती घ्यायची. आणि केसरबाईला शब्द मी दिला होता, देवघरात घट बसायच्या आदल्या दिवशी, तिचा हात धरून.

तरी मी ठरवलं. देणार नाही. पाया पडेन, पण झाड देणार नाही.

अशात एका दुपारी मधुसूदन उठले आणि अंगणात जाऊन तरवडापाशी उकिडवे बसले. गुडघ्यांमुळे त्यांना खाली बसता येत नाही, स्टूल लागतं. पण बसले. बराच वेळ इकडे तिकडे बघत राहिले.

"काय शोधताय?" मी विचारलं.

"बाज कुठे गेली?"

आमच्याकडे बाज कधीच नव्हती.

"कसली बाज?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग नेहमीसारखे हसले, गुडघा धरून कण्हत उठले आणि म्हणाले, "काय की. झोपेत असेन. चहा टाकतेस?"

मी चहा टाकला. साखर निम्मी ओट्यावर सांडली.

७

दसऱ्याला सकाळी पूजा झाली, घट उठले. वीतभर वाढलेले पिवळसर अंकुर मी देवाला वाहिले, करुणाच्या घरी दिले. दुपारी जेवून मधुसूदन पडले. संध्याकाळी सीमोल्लंघनाला जायचं म्हणून आपट्याची पानं आणून ठेवली होती. मी सारखी फाटकाकडे बघत होते. ती येणार नाही, विसरली असेल, असं दर थोड्या वेळानं स्वतःला सांगत होते.

मधुसूदन उठून चहा घेऊन पुन्हा पलंगावर लवंडले, आणि दिवेलागणीच्या सुमाराला केसरबाई आली. हातात खुरपं आणि ओलं गोणपाट.

मी धावत जाऊन फाटकाची कडी धरली. "केसरबाई, नाही देता येणार हो मला. मी तेव्हा बोलले, पण मला माहीत नव्हतं. तुम्ही हवं तेव्हा इथे या, बसा त्याच्याजवळ, रोज या. पण नेऊ नका. पाया पडते तुमच्या."

ती ऐकून घेत होती. माझ्या खांद्यावरून तिची नजर तरवडावर गेली आणि तिचा चेहरा मऊ झाला.

"लई बरं ठेवलंय," ती म्हणाली. खुरपं आणि गोणपाट तिनं खाली ठेवलं. "नाय खांदत, बाई. तुमी नगं म्हनता तर नाय खांदत."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी कडी सोडली.

पानं मिटायला लागली होती. केसरबाई फाटकाबाहेरच उभी राहिली आणि तरवडाकडे बघून, भाकरी झाली हे सांगावं इतक्या साध्या आवाजात म्हणाली, "उठा आता. किती निजाल? चला घरला."

मिटत आलेली पानं थांबली. मग उलटी फिरली. दिवस मावळला होता, आणि झुडूप सकाळसारखं उघडत गेलं.

आत पलंग करकरला.

मधुसूदन दारात आले. अनवाणी होते. पायऱ्या उतरताना ते कठड्याला धरतात, त्या दिवशी धरलं नाही. गुडघे न दुखणाऱ्या माणसासारखे सरळ चालत अंगणात आले. त्यांना बघितल्यावर केसरबाईनं डोक्यावरून पदर घेतला.

नवऱ्यासमोर घेतात तसा घेतला होता तिनं.

"अहो," मी म्हटलं. मी मध्ये उभी राहिले, त्यांचे दोन्ही हात धरले. "अहो, मी उमा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. चेहरा तोच, चष्म्याचा वळ तोच. पण परक्या घरी दोन दिवस राहून निघणारा माणूस यजमानिणीकडे बघतो तसं, अदबीनं बघितलं. हळूच हात सोडवून घेतले.

"येतो, बाई," ते म्हणाले. "लई त्रास दिला तुमाला."

फाटक त्यांनीच उघडलं. एक पाऊल बाहेर पडलं होतं. स्कूटीचं कव्हर दारातल्या ओट्यावर घडी करून ठेवलेलं होतं, ते मी कसं उचललं, तरवडावर कसं टाकलं, मला आठवत नाही. चारी बाजूंनी ओढून खाली विटा ठेवल्या. वर माझी शाल टाकली, तिच्यावर सतरंजी टाकली. आणि मागे वळून बघायची हिंमत होईना म्हणून ते सगळं दोन्ही हातांनी कवटाळून बसून राहिले.

मागे कुणीतरी खाली बसल्याचा आवाज झाला. मग घोरणं ऐकू आलं.

८

करुणा आणि तिच्या नवऱ्यानं त्यांना उचलून आत आणलं. तेव्हापासून ते झोपलेले आहेत. श्वास नीट आहे. करुणाला मी चक्कर आली म्हणून सांगितलं. तिनं झाडावरच्या सतरंजीकडे बघितलं, पण काही विचारलं नाही.

केसरबाई गेली नाही. "मी बसते, बाई. ते उठले की जाऊ," एवढंच म्हणाली आणि फाटकाबाहेर नालीवरच्या फरशीवर बसली. सकाळी मी तिला चहा दिला. तिनं कप विसळून परत दिला. मला तिचा राग यायला हवा. येत नाही. तिच्या जागी मीही बसले असते.

आता दुपार आहे. स्टेशनात गाडी थांबून गेली. वरद संध्याकाळपर्यंत येईल आणि आल्या आल्या विचारेल, झाड का झाकलंय. सकाळी मी सतरंजीखाली हात घालून बघितलं तर खालची पानं पिवळी पडून हातात आली. माळावरचं झाड आहे, पाण्यावाचून राहील, उन्हावाचून नाही राहणार. ते गेलं तर काय होईल ते पुन्हा सांगायला नको. म्हणजे कव्हर काढायलाच हवं. आणि काढलं की ते उठतील. कोण उठेल, ते मात्र मला सांगता येत नाही.

मी आधी आत जाऊन त्यांच्या कपाळावरून हात फिरवला. उशाशी चष्मा ठेवला. मग बाहेर आले. विटा काढल्या, सतरंजी काढली, शाल काढली. केसरबाई उठून उभी राहिली, फाटकाला हात न लावता. मी कव्हर ओढलं.

ऊन पडलं. आम्ही दोघी पानांकडे बघत होतो. शेंड्याची एक जोडी सुटली, मग तिच्या खालची, मग भराभर सगळी.

आतून आवाज आला. त्यांचाच, झोपेनं जड झालेला.

"कोण आहे गं तिकडे?"

"मी आहे," मी म्हणाले.

"मी हाये," फाटकाबाहेरून त्याच क्षणी आलं.

पुढचं माझं नेहमीचं वाक्य तोंडातून निघेना. पलंग करकरला, आणि पावलं दाराकडे यायला लागली.